फॉरवर्ड घेतला, पप्पा

प्रिय पप्पा,

आपल्या क्लबने फॉरवर्ड घेतला. तोच, ज्याचं नाव तुम्ही दोन सीझन रोझरीसारखं घेत होतात. आज सकाळी पेपरच्या मागच्या पानावर त्याचा फोटो आलाय, हातात लाल जर्सी आणि तोंडभर हसू. तुमच्या लेकाने, डॉमनिकने फोटो पाहिला, पेपरची घडी घातली आणि ऑफिसला निघून गेला. म्हणून हे पत्र. ही बातमी तुम्हाला घरातल्या कुणीतरी द्यायला हवी. सुनेने सासऱ्याला फुटबॉलवर पत्र लिहिलं हे वसईत कळलं तर लोक हसतील. हसू देत.

लग्न होऊन मी इथे आखातात, ईसा टाउनच्या या फ्लॅटमध्ये आले तेव्हा मला ऑफसाइड म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. तुम्ही अदलियाच्या हॉटेलात स्टोअरकीपर, कायम संध्याकाळच्या शिफ्टला. युरोपातल्या मॅचेस टीव्हीवर लागायच्या नेमक्या तेव्हाच. मग डॉमनिकने त्या कॅसेटवर घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसेपर्यंत घरात कुणी स्कोअर सांगायचा नाही. काय तो कडक कायदा! खालच्या मजल्यावरचे रत्नागिरीचे कासिमभाई एकदा जिन्यात नुसतं "खलास" म्हणाले आणि हसले. पुढे कित्येक दिवस तुम्ही त्यांच्या सलामाला उत्तर दिलं नाहीत. शेवटी बिचाऱ्यांनी बिर्याणी पाठवली. ती मात्र तुम्ही खाल्लीत.

आपल्या क्लबचं दुखणं एकच होतं. स्वतःच्या देशात पहिला नंबर, युरोपात मात्र दरवर्षी कुठे ना कुठे माती खायची. तुमचं निदान ठरलेलं. एक मोठा फॉरवर्ड आणा, बाकी सगळं आहे. गोलसमोर थंड डोक्याने उभा राहणारा एक माणूस मिळाला की युरोप आपला!

मला ते कधी पटलं नाही. मी वॉर्डची इन-चार्ज, महिन्याचा ड्युटी रोस्टर करणारी बाई. वॉर्डातली सगळ्यात हुशार नर्स वार्षिक रजेवर केरळला गेली की तिच्या जागी कोण उभी राहते, त्यावर माझा वॉर्ड चालतो. क्लबचं वेगळं काय? शनिवारी लीगची मॅच, मधल्या वारी विमानाने दुसऱ्या देशात, परत शनिवारी मैदानात. तेच अकरा जण किती धावणार? कुणाचा गुडघा जातो, कुणाला पिवळी कार्डं भोवतात. बाकावर बसलेलाही तितकाच तयारीचा हवा. मोठ्या नावाला बसवून ठेवायची हिंमत कोचकडे हवी, आणि दोन मॅच हरल्या म्हणून त्या कोचला घरी न पाठवणारे मालक हवेत. तुम्ही म्हणायचात, बाकावरच्यांची नावं कोण लक्षात ठेवतं? मी म्हणायचे, तुम्ही रजेवर जाताना स्टोअरच्या चाव्या रिलिव्हरच्या हातात देताना तोंड कसं करता ते आधी आरशात बघा. मग तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचात.

डॉमनिक कुणाचीच बाजू घ्यायचा नाही. मधे बसून काडी टाकायचा आणि गालातल्या गालात हसायचा. त्याला मॅचपेक्षा आपलं भांडणच जास्त आवडत असावं.

सेमीफायनलच्या संध्याकाळी तुम्ही स्टोअरमध्ये छातीला हात लावून खाली बसलात. तुम्हाला आणलं माझ्याच हॉस्पिटलमध्ये. आम्ही तिघंही तिथे, आणि घरी टायमर लावलेला व्हीसीआर आपला मुकाट्याने मॅच घेत होता.

सकाळपर्यंत सगळ्या हॉस्पिटलला निकाल कळला होता. मी वॉर्डात सगळ्यांना दटावून ठेवलं की पप्पांसमोर कुणी तोंड उघडायचं नाही. राउंडला आलेल्या डॉक्टरांनासुद्धा सांगितलं. तुमचा ईसीजी मी पाहिला होता. कॅसेट बघायला तुम्ही घरी याल असं तो म्हणत नव्हता.

आणि तुम्हीच विचारलंत. "फिलू, काय झालं मॅचचं?"

मी म्हणाले, कॅसेट आहे घरी.

"कॅसेट राहू दे. तू सांग."

मी सांगितलं की हरले. शेवटच्या दहा मिनिटांत पायात जीवच राहिला नव्हता. दोन गोल खाल्ले.

डॉमनिक तेव्हा काउंटरवर तुमचं रेसिडेंट कार्ड आणि कागद घेऊन उभा होता. मी तुम्हाला निकाल सांगितला हे त्याला तुम्ही गेल्यावर कळलं. तो एवढंच म्हणाला, "जिंकले म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?" त्यानंतर या घरात फुटबॉलचं नाव निघालेलं नाही. तुम्ही हार ऐकून गेलात, आणि ती मी ऐकवली, असं त्याच्या मनात बसलंय. मी त्याच्याशी वाद घातला नाही. माझंही मन दुखलं, ते मी शिफ्टमध्ये घालवलं.

पण काउंटरवर उभ्या माणसाला पुढचं कसं दिसणार? ते मी त्याला सांगितलेलं नाही. निकाल ऐकून तुम्ही म्हणालात, "तुझंच बरोबर होतं. बाकावर माणसं पाहिजेत."

पप्पा, मी तेव्हा घाबरले. मॉनिटर पाहून नव्हते घाबरले तेवढी. इतक्या वर्षांत तुम्ही माझं म्हणणं एकदाही मान्य केलं नव्हतं, आणि त्या दिवशी एका दमात केलंत. ते मला नकोच होतं. मी पलंगाच्या कडेला बसले आणि तुमची बाजू घेऊन तुमच्याशी भांडायला लागले. म्हटलं, छे, बाक घेऊन काय करायचंय? पहिल्या हाफमध्ये समोर रिकामा गोल होता आणि बॉल वरून मारला. फॉरवर्डच पाहिजे! तुम्ही मान वळवून माझ्याकडे पाहिलंत. हसलात. आणि नुसत्या फॉरवर्डने का भागत नाही ते मला समजावून सांगायला लागलात, पार ऑक्सिजनचा मास्क बाजूला सरकवून. पुढच्या सीझनसाठी दोन डिफेंडर आणि एक राखीव गोलकीपर तुम्ही त्याच पलंगावरून घेतलेत. हरलेला माणूस असं बोलतो का?

आज डॉमनिक ऑफिसातून आला की मी हे सगळं त्याला सांगणार आहे. आणि जेवायला बसल्यावर त्याच्यासमोर तो पेपर उघडून म्हणणार आहे, बघ, पप्पांचा फॉरवर्ड आला, आता युरोप आपला. तो गप्प बसला तर उद्या परत म्हणेन. मला स्वतःला त्यातलं अक्षरही पटत नाही, तरी तो चिडून "फिलू, तुला फुटबॉल कळत नाही" म्हणेपर्यंत तुमची बाजू मी सोडणार नाही, हा माझा शब्द.

तुमची सून,
फिलोमिना