मम्मीच्या नावाचं पाकीट

आदरणीय मम्मीला पुण्याहून श्रेणिकचा जय जिनेंद्र.

आता झोप लागते. तू दिलेले खाकरे पर्युषणापर्यंत पुरले. तुझे गुडघे कसे आहेत? पप्पा बीपीची गोळी घेतात ना?

मी एका समुपदेशक बाईंकडे जातो. घाबरू नकोस, औषध नाही, नुसतं बोलणं. त्या म्हणाल्या, रोज सामायिकाला ध्यानात बसता ते सोडू नका, त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत मनात काय येतं ते मला सांगा.

रोज एकच येतं. मी आपलं खापर गाव सोडून पुण्याला निघालो त्या दिवशी पप्पा दुकानात कापड मोजत राहिले, वर पाहिलं नाही. "ते रागावलेत," मी म्हणालो. बाईंनी विचारलं, "आणि तुम्ही?"

तीन दिवस सामायिकाला बसलो तेव्हा आठवलं, निघताना मीच पाया पडलो नव्हतो. माझा राग मी त्यांच्या माथी मारत होतो.

संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत सगळ्यांची क्षमा मागितली, ती ग्रुपवर एका मेसेजात. पप्पांना फोनसुद्धा केला नाही.

दुकानावर आलेलं पत्र कुणाच्याही नावाचं असो, आधी पप्पाच उघडतात. त्यांना थेट लिहायचा धीर झाला नाही, म्हणून पाकिटावर नाव तुझं आणि पत्ता दुकानाचा घातलाय.

पप्पा, मिच्छामि दुक्कडम्. दिवाळीला येतोय, पाया पडायचं राहिलंय.

तुमचाच
श्रेणिक