नानांच्या पलंगाला टेकवलेला बेस

बालाजी घाट, वाराणसी
मार्च १९९६

प्रिय रत्नाकरदादा,

वरचा कमरा सध्या जेन नावाच्या इंग्रज बाईंना दिलाय. तरुणपणी त्या लंडनच्या एका पंक बँडमध्ये बेस गिटार वाजवायच्या. ज्या वाद्यापायी नानांनी तुला घराबाहेर काढलं, तेच. त्यांचा बेस जुना, आखूड मानेचा आहे. हात लहान म्हणून मुद्दाम निवडलेला. तारा बदलत नाहीत, नव्या तारा फार खणखणतात म्हणतात. बोटांऐवजी प्लॅस्टिकच्या जाड पिकने वाजवतात. आवाज खरखरीत, पण एक सूर उगाच नाही. तुला आवडलं असतं.

नाना वर्षभर अंथरुणात आहेत. ऐकूही जवळजवळ येत नाही. त्यांचं सगळं करून मी शाळेत शिकवायला जाते आणि परत येऊन तेच करते.

काल मी जेनबाईंना खाली बोलावलं. ॲम्प्लिफायर नव्हता, म्हणून त्यांनी बेसचं टोक नानांच्या लाकडी पलंगाला टेकवलं आणि वाजवायला लागल्या. नानांनी हळूच पलंगाच्या थरथरणाऱ्या कडेवर तळवा ठेवला.

"रत्नाकर आला का?"

जेनबाई थांबल्या. मी नानांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "हो, नाना."

"मग थांबला का? वाजव म्हणावं."

त्या पुन्हा वाजवू लागल्या. मी भिंतीला टेकले आणि बसल्या बसल्या झोपले.

हे पत्र मी टाकणार नाही. बोलावूनही तू आला नाहीस, तर तेही मलाच सोसावं लागेल. जेनबाई सोमवारी जातायत. आज सकाळपासून नाना विचारतायत, रत्नाकर वाजवायला कधी बसणार.

थकलेली,
मुक्ता