केशरअक्काची रंगीत शाल

लुधियाना, १९८६

आबा, पाया पडतो.

केशरअक्काला थंडी वाजते, पांढरी लोकर धाड म्हणालात. विधवेला रंग शोभत न्हाई म्हणं. मी एकाच धाग्यात हिरवा, तांबडा, पिवळा रंग असलेली मऊ लोकर घेतली. घरमालकिणीकडून शिकून जाळीची शाल मीच विणायलोय. कारखान्यातले हसत्यात, "सूर्यभान, बांगड्या बी भर!" हसू द्या. अक्काच्या बांगड्या फोडताना ती तुमचा हात धरून रडली. तुमी हात सोडवून घेतला.

हे पत्र टपालात टाकत न्हाई. दिवाळीला शाल आन् हे पत्र घेऊन मीच येतो. अक्का ती पांघरून आपल्या पालमच्या बाजारात फिरंल. धाग्याचं शेवटचं टोक मोकळंच ठेवीन, ओढलं की सगळी शाल उसवंल. हिंमत असंल तर अक्काच्या अंगावर उसवून दाखवा.

तुमचाच हट्टी लेक,
सूर्यभान