अष्टमीची बैठक

७ जाने. ६८, रवि.
मुंबईला जाऊन आलो. दारू सोडणाऱ्यांची बैठक, चर्चमागच्या खोलीत. माणसं भली, एकानं उठून खुर्ची दिली. पण सगळं इंग्रजीत. अणुवीज प्लँटच्या ऑफिसात नकाशे ट्रेस करताना इंग्रजी अक्षरं रोज काढतो. कुणी रडत रडत बोललं की एक शब्द कळत नाही. 'थँक्यू' म्हणून निघालो.

घरी बायको, सुमती, मुलीला उचलून आत गेली. दिवाळीत चिंगी माझ्या हातून पडली. पिऊन होतो. कपाळाला तीन टाके. तेव्हापासून सुमती मुलगी माझ्याकडे देत नाही. बरोबरच आहे तिचं. पण हात रिकामे राहतात.

१४ जाने., संक्रांत
सुमतीनं तिळगूळ हातावर ठेवला. 'गोड बोला' म्हणाली नाही.

भजनी मंडळाच्या बुवांनी शपथ घालून माळ घातली होती. चौथ्या दिवशी मोडली. काल. आता बुवा समोरून दिसले की मी गल्ली बदलतो.

२१ जाने., रवि.
पालघरला दारूबंदीची सभा. यकृताचे रंगीत तक्ते. सर्वांत जोरात टाळ्या वाजवणारा गृहस्थ हातभट्टीनं घमघमत होता. मी मुद्दाम त्याच्या शेजारी बसलो, वासासाठी. इथं खोटं कशाला लिहा!
आठवा दिवस. प्यायलो नाही, एवढंच.

२५ जाने., गुरु.
नकाशात रेघ थरथरली. साहेबांनी ट्रेसिंगचं कापड उजेडात धरलं, परत माझ्या टेबलावर ठेवलं.

जेवणाच्या सुट्टीत रामदुलार भेटला. प्लँटच्या बांधकामावर गज बांधतो, एके काळी माझा पिण्यातला सोबती. म्हणाला, "तारापुर जाओ बाबू, मछुआरों में। नारन तांडेल को पूछना। मेरी वहीं छूटी।"
याची सुटली हेच मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, यानं गुत्ता बदलला!

२८ जाने., रवि.
तारापूर. पाचला पोचलो आणि समोर समुद्रच नाही! ओला चिखल चकाकतोय लांबवर, खडक उघडे पडलेले, पाणी पार आभाळाजवळ. मी खानदेशचा. ऑफिसच्या खिडकीतून समुद्र म्हणजे एक निळी पट्टी. तो असा सगळाच्या सगळा उठून जातो? चप्पल हातात घेऊन उभाच राहिलो. आपण ज्याला 'माझ्यानं होत नाही' म्हणतो ते फार लहान वाटलं.

माणूस एक नाही. फक्त एक बाई बोंबील वाळत घालत होती. म्हणाली, "आज आयतवार म्हनून आलास? दर्याला आयतवार नाय. उद्या आवस, उदाण हाय, मोठं पानी, समदे जाल्यावर गेलेत. आष्टमीला ये. पानी जोर नाय करत, मानसं घरी असतात."
कॅलेंडर घेऊन बसलो घरी. अष्टमी मंगळवारी, ६ तारखेला. सुमती बघत होती, मी आणि पंचांग!

६ फेब्रु., मंगळ., अष्टमी
अर्धी रजा.

ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत नऊ जण. नारण तांडेल साठीचा, बोटं जाळ्यानं कापलेली. म्हणाला, "उदाणाला हात जाल्यात असतात, तोंडाला पोचत नाय. आता हात रिकामे. तवाच पितो मानूस. म्हनून तवाच बसायचं." कुणी साल सांगत नाही, दिवस सांगत नाही. किती अष्टम्या कोरड्या गेल्या ते सांगतात. माझ्या दोन, ही धरून.

मग तांडेलच बोलला. एकदा पिऊन सुकाणूवर झोपला. होडी खडकावर गेली. धाकटा भाऊ पाण्यात गेला तो गेलाच. "ही जानकी. त्याची बायको."
चहा वाटत होती ती. बोंबीलवाली बाई! तिनं तांडेलपुढे कप ठेवला, त्यानं दोन्ही हातांनी घेतला.
हिला कोणत्या मापाचं माणूस म्हणायचं?
पाळी आली तेव्हा तोंडून निघालं, "मुलगी माझ्या हातून पडली." हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी 'अरेरे' म्हणालं नाही. जानकीबाईनं मलाही कप दिला.

८ फेब्रु.
सुमतीला सगळं सांगितलं. तांदूळ निवडता निवडता थांबली.
"ती त्याला चहा देते?"
"हो."
"कधीपासून?"
विचारलं नव्हतं. सुमती पुन्हा खडे काढू लागली. पण दिवाळीपासून हे पहिलंच बोलणं.

२१ फेब्रु., बुध., वद्य अष्टमी
विचारलं. जानकीबाई म्हणाली, "पयली चार वरसं नाय दिला. तो यायचा, बसायचा, उपाशी जायचा. मंग एकदा दिला."
"का दिला?"
"पानी उकलत होतं. तो बसलेला. दिला."
वाटेत वाटलं, चार वर्षं घरी सांगू नयेत. सांगितली. सुमती "हं" म्हणाली.

२९ फेब्रु., गुरु.
काल अवस. तांडेल आणि बैठकीतले सगळे दर्यात. पुढची अष्टमी आठ दिवसांवर, तोवर माझा मी. काल संध्याकाळी गुत्त्याच्या वळणावर पाय थांबले होते. किती वेळ, सांगवत नाही. मग घराकडे वळले.

आज कामावरून आलो. सुमती समोर आली, चिंगीला पुढे केलं. मी हात धुवायला वळलो तर म्हणाली, "राहू द्या, घ्या."
घेतली. जड झालीय. टाक्यांची खूण भुवईच्या वर, मी इतक्या जवळून पाहिलीच नव्हती.
सुमतीनं दिली, पण स्वतःचे दोन्ही तळवे माझ्या हातांखाली धरून ठेवले. चिंगी माझी शाईची बोटं चोखू लागली तरी काढले नाहीत.