लुत्सिनाचं कोपर

क्राकूव, ३ ऑक्टोबर

ती. आईस,
दोन्ही गालांचे पापे आणि नमस्कार.

फोन उचलायचा नाही असा पणच केलायस का गं? वसंत ऋतूपासून पत्रंच लिहायला लावतेस. टपालकचेरीतली बाई आता मला नावाने हाक मारते!

तर ऐक. वीस तारखेला आपल्या सानोकच्या वाचनालयात गातेय. चाळीस खुर्च्या, एक गिटार, माइक नाही. पहिल्या रांगेत तू आणि शेजारच्या लुत्सिनामावशी. बाबांवरचं नवं गाणं तुझ्यासमोर पहिल्यांदा म्हणणार आहे. बाबा रेल्वेतल्या कामावरून घरी आले की दारात चार श्वास गप्प उभे राहायचे, मग तुला हाक मारायचे, आठवतं? गाण्यात मीही तशीच थांबते. चार श्वास, मग हाक. ती नीट लागली, तर औषधांच्या दुकानातली नोकरी सोडून मी चूक केली नाही, एवढं तुझ्या तोंडून ऐकायचंय.

खसखशीचा केक आणलास तर लोभ दुप्पट.

तुझी बोग्ना


क्राकूव, २२ ऑक्टोबर

ती. आईस,
नमस्कार. नुसताच.

असं का केलंस? मी थांबले, सगळे श्वास रोखून बसले होते, आणि तू टाळ्या वाजवल्यास! त्याही दणदणीत. मग सगळ्यांनीच वाजवल्या. हाक माझ्या घशातच राहिली. नंतर विचारलं, कसं वाटलं, तर म्हणालीस, खसखस जरा जास्तच झाली. थट्टेलाही काही सीमा असते, आई. नोकरीचा राग अजून आहे, कळलं मला. पण तो चारचौघांत काढायचा?

पुढचे सगळे कार्यक्रम रद्द केलेत. एक नोव्हेंबरला, सगळे आपापल्या मृतांच्या थडग्यांवर जातात त्या सणाला, बाबांच्या थडग्यावर दिवे लावायलाही मी येणार नाही. शेवंती तूच ने.

बोग्ना


सानोक, २५ ऑक्टोबर

चि. बोग्नास,
रागावलेल्या लेकीला आईचे आशीर्वाद.

मला ऐकू येत नाही गं. उजवा कान वसंतातच गेला. डाव्याला अगदी कानाशी बोललेलंच कळतं, आणि तोही हिवाळ्यापर्यंत टिकला तर टिकला, असं डॉक्टर म्हणतात. म्हणून फोन नाही. लेक गाणारी आणि आई बहिरी, हे कोणत्या तोंडाने लिहू? वाटलं, कळलं तर तू गाणंच सोडशील. आणि बघ, न सांगताच सोडायला लावलं.

लोकांचे ओठ बघून निभावते. पण तू गिटारवर मान घालून गातेस, केस तोंडावर! म्हणून लुत्सिनाशी ठरलं होतं: गाणं संपलं की तिने कोपर मारायचं, मी टाळी वाजवायची. पाच गाणी बेमालूम जमलं. बाबांच्या गाण्यात मेली रडायलाच लागली. पर्समध्ये रुमाल शोधताना तिचं कोपर मला लागलं. झालं! आता रोज सूप घेऊन माफी मागायला येते. आणि नंतर तू केकचंच विचारतेयस, असं मला वाटलं.

नोकरीचा राग होता, वर्षभर. गाणं ऐकलं नाही, पण मागे वळून चाळीस तोंडं पाहिली मी. चूक केली नाहीस तू.

एक तारखेला ये. आधी दिवे लावू. मग स्वयंपाकघरात केस बांधून माझ्या डाव्या कानाशी बस आणि गा. तुझ्या पाठीवर हात ठेवीन, लहानपणी तुझ्या डांग्या खोकल्यात ठेवायचे तसा. चार श्वास मीच मोजीन. त्यानंतरची हाक मला ऐकायचीय, पोरी. माझ्याच नावाची आहे ना ती?

राग असू दे, लोभही असू दे.

तुझी आई