अक्काची मोटार

सोलापूर,
मे महिन्याचा पहिला सोमवार

तीर्थरूप गुरप्पा दाजींच्या पायी,
मेहुणा रेवणसिद्ध याचा शरणार्थ.

तुमची, अक्काची, ऋतुजाची आणि घरातल्या नव्या पाहुणीची तब्येत उत्तम असेल असं धरून चालतो. तुमची रक्तदाबाची गोळी रोज वेळेवर चालू आहे ना? (हे रीत म्हणून विचारत नाही. त्या गोळीवर इकडं साडेतीनशे झाडं जगतायत. कसं ते पुढं येईल.) रत्नम्मा बरी आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. तेही पुढं येईल. ऊन त्रेचाळीसवर आहे आणि खाली उतरायचा त्याचा विचार दिसत नाही.

पत्रास कारण की, गेले सोळा दिवस मला कोणीही कर्ज देऊ केलेलं नाही. एरवी मी दात घासत असतानाच एखादी गोड आवाजाची मुलगी पाच लाख घ्याच म्हणून गळ घालायची. दुपारी विमेवाले माझ्या मरणाची आस्थेनं चौकशी करायचे. बावन्नाव्या वर्षी माणसाला असं एकाएकी वाळीत टाकणं बरं नव्हे. पण दोष त्यांचा नाही. माझा फोन मुका झालाय, कारण त्यातलं सिमकार्ड सध्या सांगोल्याला तुमच्या विहिरीवर नोकरीला आहे. आणि त्याच नोकरीपायी तुमच्या घरात माझ्याबद्दल एक गैरसमज पसरलाय, तो आधी खोडून टाकतो. दाजी, मी मोटार घेतलेली नाही. सेकंडहँडसुद्धा नाही.

आता पहिल्यापासून. तुम्ही दोघं ऋतुजाच्या बाळंतपणाला रॉटरडॅमला जाताना डाळिंबाच्या बागेची कामं वाटून दिलीत. बजाबाईनं झाडं बघायची आणि मी सोलापुरातून रोज विहिरीला फोन करायचा. विहीर खाली ओढ्याला, बाग वर माळाला आणि बजाबाईचे गुडघे मधेच कुठंतरी अडकलेले, म्हणून तर तुम्ही स्टार्टरला ती सिमकार्डाची पेटी बसवली. फोन केला की मोटार चालू, परत केला की बंद, आणि दोन्ही वेळा आतली बाई तसं स्पष्ट बोलून सांगते. (इतकं स्पष्ट आमच्या ऑफिसात कोणी बोलत नाही.) बरं चाललं होतं. एके दिवशी विहीर फोन उचलेना. दुसऱ्या दिवशीही उचलेना. फोन कंपनीनं, कसलीही माणुसकी न दाखवता, पेटीतला नंबर बंद करून टाकला होता. झाडावर लिंबाएवढी फळं. आणि डाळिंबाचं तुम्हीच मला शिकवलंय, पाणी तुटलं की फळ गळतं आणि तुटलेलं पाणी एकदम सोडलं की तडकतं. तुमचं वर्ष त्या फळांवर, आणि तुमचं तोंड बघायची माझी हिंमतही त्यांच्यावरच.

नेमके त्याच दिवशी जावईबापूंच्या ऑफिसातले योरिस दारात उभे. (हे पत्र घेऊन येणारे तेच. उंची बघून घाबरू नका, स्वभाव गाईचा आहे.) गरीब देशांतली माणसं मोबाइल कसा वापरतात ह्यावर त्यांना अहवाल लिहायचा होता. म्हटलं चला, आमच्याकडं विहीरसुद्धा मोबाइल वापरते. सांगोल्याच्या स्टँडवर उतरून चहा घेतला. टपरीवर पैसे घ्यायचा काळापांढरा चौकोन चिकटवलेला. योरिसांच्या फोनाला तो चौकोन पटेना, त्यांचं कार्ड चहावाल्याला पटेना, आणि युरोची नोट चहावाल्यानं उजेडात धरून, दोन्ही बाजू कौतुकानं बघून परत दिली. मग माझ्याकडं वाकून हळूच म्हणाला, “ऱ्हाऊ द्या सायेब, गरीब दिसतोय बिचारा.” काय म्हणाला, असं योरिसांनी वही उघडून विचारलं. अहवालात घेण्यासारखं काही नाही, असं मी सांगितलं.

मोबाइलच्या दुकानात कळलं की जुना नंबर परत पाहिजे तर मालक अंगठ्यासकट समोर पाहिजे, आणि नवं सिम घेतलं तर चालू व्हायला दोन दिवस. झाडांना दोन दिवस नव्हते. योरिस भले गृहस्थ, म्हणाले माझं सिम घ्या. पण त्यांच्या फोनात काढून देण्यासारखं कार्डच नाही. सगळं आतच विरघळवलेलं. बजाबाईला हे समजावून सांगितल्यावर तिनं त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. “एवडा ताडमाड मानूस आन फोनात एक कार्ड न्हाय?” (त्यांनीही तिला विचारलं, तुम्ही दिवसातून किती तास फोन वापरता? ती म्हणाली, मंगळवारी. बॅटरी सरू नये म्हणून बाकीचे दिवस बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवते.) शेवटी मी माझंच सिम काढलं आणि पेटीत घातलं. दोन दिवसांचा तर प्रश्न, म्हटलं.

योरिस विजापूर-हंपीकडं गेले आणि मी सोलापुरात येऊन आडवा झालो. ऊन लागलं होतं. दोन बाटल्या सलाईन, आणि डॉक्टरांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं. पडल्या पडल्या रत्नम्माच्या फोनवरून मी माझाच नंबर लावला. आतली बाई म्हणाली, “आपला नंबर नोंदलेला नाही.” तेव्हा उजेड पडला की ती पेटी फक्त सिममध्ये साठवलेल्या नंबरांचंच ऐकते. माझं सिम दहा-बारा वर्षांपूर्वीचं, त्यात कोणाला साठवलंय मलाच आठवेना, पण स्वतःच्या बायकोला साठवलेलं नाही हे आता रत्नम्मासमोरच सिद्ध झालं होतं. तुझा नंबर मला पाठ आहे म्हणून साठवला नाही, असं मी म्हणालो. “मग म्हणून दाखवा की,” ती म्हणाली. सहा आकडे धडाक्यात म्हटले. तेव्हापासूनचा अबोला आहे.

पुढचे दिवस कसे काढले ते मला माहीत. विहीर माझं ऐकेना, बजाबाईचा फोन तांदळात (मंगळवारी लागला असता, पण काय ऐकावं लागेल ह्या भीतीनं लावला नाही), आणि डोळे मिटले की तुम्ही विमानतळावरून हातात बॅग घेऊन थेट माझ्याच दाराशी येताना दिसायचात. फळं गळत असतील, तडकत असतील, बजाबाई ती पाटीत गोळा करत असेल. काल जरा उभं राहता आलं तसा परतलेल्या योरिसांना घेऊन पहिल्या गाडीनं बाग गाठली. आणि दाजी, झाडं हिरवीगार. फळं लिंबाची पेरवाएवढी झालेली. खाली ठिबकच्या नळ्यांना ओल.

“असं काय बगताय?” बजाबाई म्हणाली. “रोज साडेधाला पानी येतंय, सव्वाअकराला जातंय. तुमीच सोडताय न्हवं?”

मी व्हय म्हणालो. (लाज वाटली, पण उशिरा.)

मग योरिस आणि मी विहिरीवर उतरून पेटीसमोर बसलो. बरोबर साडेदहाला पेटीचा तो बोटभर पडदा उजळला आणि त्यावर नाव आलं: अक्का. बाई म्हणाली, मोटार चालू झाली आहे, आणि पाणी वर निघालं. तुम्ही गेल्यापासून अक्काचे रोज दोन मिस्ड कॉल येतात. सकाळच्या चहानंतर पहिला, म्हणजे आम्ही उठलो. तुमची गोळी झाली की दुसरा, म्हणजे ह्यांनी घेतली. तिकडचे सात म्हणजे इकडचे साडेदहा. ते कॉल मी कधी उचलले नाहीत, कारण मिस्ड कॉल उचलणं म्हणजे अक्काचा विश्वासघात. त्या जुन्या सिममध्ये सगळ्या जगातून एकटी तीच साठवलेली होती, आणि ती सोळा दिवस रॉटरडॅममधून स्वतःच्याच बागेला पाणी पाजत होती, तिला न कळता.

योरिसांनी पडद्याचा फोटो काढला आणि ही सोय कोणी बसवली म्हणून विचारलं. थोरल्या बहिणीनं, एवढंच म्हणालो.

घरी आलो तर रत्नम्माच्या फोनवर ऋतुजाचा निरोप आलेला. आई चिडलीय. मामानं मोटार घेतली ते त्यानं फोन कंपनीच्या बाईला कळवलं, सख्ख्या बहिणीला नाही. वर ती मोटार पाऊण तासात बंद पडते, तेही रोज, बाई स्वतःच सांगते. घ्यायचीच होती तर असला खटारा कशाला घेतला?

योरिसांबरोबर शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि बाळासाठी चादर देतोय. बाळाला गोड गोड पापा.

तुमचा,
रेवणसिद्ध

ता. क. कंपनीबद्दल वर जे लिहिलंय ते मागं घेतो. विहिरीच्या रिचार्जचं काम माझ्याकडं होतं आणि मी ते दर महिन्याला न चुकता केलं, फक्त एक आकडा चुकवून. त्या नंबरवर फोन लावून बघितला. केम गावचे कोणी बिरुदेव म्हणून आहेत. ते म्हणाले, मी देवाची कृपा समजत होतो.

ता. क. २. खरं काम हे. तुम्ही परत येईपर्यंत माझं सिम पेटीतच राहू दे. मी नवा नंबर घेतलाय, मागच्या बाजूला आहे, पण तो अक्काला देऊ नका. आणि गोळी पावणेआठलाच घ्या. गेल्या गुरुवारी तुम्ही टाळाटाळ केलीत आणि खालच्या ओळीत पाणी तुंबलं, बजाबाईनं वार लक्षात ठेवलाय. मोटारीचं अक्काला मुळीच समजावू नका. राग आहे तोवर ती अजून बंद पडते का बघायला न चुकता फोन लावील.

ता. क. ३. कंपनीची बाई बोलली तर पैसे पडत नाहीत, हा अक्काचा नियम. ही बाई कंपनीची नाही. ती फोन उचलते, आणि परदेशातून उचललेला कॉल स्वस्त पडत नाही. बॅलन्स कुठं जातोय म्हणून अक्का हैराण असते, असं ऋतुजा म्हणाली. आज सकाळी तिच्या नंबरवर रिचार्ज टाकलं. आकडे रत्नम्मानं एकेक करून मोठ्यानं वाचले. तेवढंच बोलली. अक्काला काही सांगू नका. मिस्ड कॉल फुकट असतो, असंच तिला वाटू दे.