तळाचा गोल

४ मार्च

कर्मचारी वृत्ताचं पान पुन्हा माझ्याच गळ्यात. कारण तेच — "तुला कॉम्प्युटर येतो." मी इथे प्रयोगशाळेतली उपकरणं जुळवायला आहे, करारावर, तिसरं वर्ष. पण विद्यापीठाच्या मासिक पत्रिकेचं शेवटचं पान मीच लावते. नियम लिहिलेला नाही, पण पक्का आहे: प्राध्यापकांना फोटो आणि चार ओळी, कारकुनांना दोन, कार्यशाळेला आणि शिपायांना एक. मेलं तरी याच मापाने.

या महिन्यात दोन बढत्या, एक पुरस्कार, एक निवृत्ती. निवृत्ती शून्यकाकांची. म्हणजे एक ओळ.

६ मार्च

शून्यकाका कार्यशाळेतले मुख्य कारागीर. कुणीही काहीही मोजायला घेतलं की "आधी शून्य बघितलंस का?" — म्हणून हे नाव. तोंडावरही तेच चालतं. मी आले तेव्हा माझ्याकडे पदवी होती, हात नव्हते. मी घासलेला पहिला पितळी तुकडा त्यांनी खिडकीशी धरला. "बाई, हे तुम्ही केलंत की मांजराने?" आठ महिने कानस धरायला शिकवलं. मागच्या वर्षी म्हणाले, "तुझा आणि माझा तुकडा शेजारी ठेवला तर आता मलाही सांगता येणार नाही." एवढीच स्तुती. मला पुरली.

पुरस्काराचा मजकूर आज विभागप्रमुखांकडून आला. पाझरयंत्राला मिळालाय — मातीतून पाणी किती हळू झिरपतं ते मोजणारं. "संकल्पना, आराखडा व निर्मिती: विभागप्रमुख."

निर्मिती! सरांनी लेथचं बटण कुठे आहे ते दाखवावं, मी राजीनामा देते.

७ मार्च

कार्यशाळेची कामांची नोंदवही काढली. काम क्रमांक ११४७. काकांचं अक्षर: "सरांचं चित्र — कडेने गळतं." तीन आठवड्यांनी: "पुन्हा गळतं." मग: "बैठकीची कडी उतरती केली. गळत नाही." सगळं यंत्र त्या उतरत्या कडीवर उभं आहे. ती सरांच्या चित्रात नाहीच.

काका सही करत नाहीत. बनवलेल्या प्रत्येक वस्तूच्या तळाला कामाचा क्रमांक आणि शेजारी एक छोटा गोल ठोकतात. शून्य. या इमारतीत स्टूल उलटं केलं तरी सापडतं. पाझरयंत्राच्या तळालाही आहे, मी जुळवताना पाहिलाय.

८ मार्च

आई दार उघडतानाच विचारते, "कागद आला का?" नाही. "मग बोल ना जरा त्या सरांशी! तोंडात काय मिठाची गुळणी धरून बसतेस?"

काकांची जागा ३१ ला रिकामी होते. तीत मला कायम करायचं, असा प्रस्ताव आहे. फक्त सरांची सही हवी. फाईल त्यांच्या टेबलावर दोन महिने पडून आहे. माझा करारही ३१ लाच संपतो. नवा करार होणार नाही, हे सांगून झालंय.

११ मार्च

मजकुरात मी भर घातली: "निर्मिती: कार्यशाळा" आणि काकांचं नाव. सरांनी बोलावलं. रागावले नाहीत. तेच वाईट.

"अगं, कोण वाचतं ते पान?"

म्हटलं, मग राहू द्या ना.

हसले. चष्मा पुसला. "बरोबर आहेस. तूच ठरव. आणि हो, तुझी ती फाईल — बघायची आहे मला. वेळच होत नाही बघ."

नोंद म्हणून लिहिते, तक्रार म्हणून नाही.

१३ मार्च

काका लेथ पुसत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लेक विचारत होती, तुमचं नाव येणार का हो बाबा पत्रिकेत? म्हटलं, आमच्या बाईच्या हातात आहे, ती बघेल."

मी म्हटलं, "बघते."

"आणि तुझ्या कागदाचं काय झालं?"

सांगितलं — फाईल सरांच्या टेबलावर, वेळ होत नाही म्हणतात.

"कधीपासून वेळ होत नाही?"

"परवापासून जास्तच."

काकांनी आता माझ्याकडे बघितलं. मग फडकं झटकून खुंटीला लावलं.

१५ मार्च

ओळ काढली. पान छापखान्यात गेलं. सकाळी ११.४०.

१६ मार्च

आदेश आला. कायम! बंद पाकिटात, शिपायाच्या हाती. उघडलं, "नियुक्त करण्यात येत आहे" एवढं वाचलं आणि खणात टाकलं.

आईने शेजारी जाऊन सांगितलं, परत येऊन मला सांगितलं, मग मामाला फोन. "सुंठीवाचून खोकला गेला हो!"

सुंठ लागली, आई. एक ओळ लागली.

जेवण गेलं नाही.

२० मार्च

पुरस्कार देण्याआधी समिती यंत्र बघायला आली. सगळ्या बाजूंनी फोटो, तळाचेसुद्धा. मला आत बोलावलं नव्हतं. दाराशी ऐकू आलं — एकाने विचारलं, "ही कडी कशी सुचली?" सर म्हणाले, "चुकत, शिकत."

तळाचा गोल दिसला असेल. कुणी विचारलं नसेल. गोलाबद्दल कोण विचारतं?

काका तेव्हा एका मोडक्या स्टुलाचा पाय बसवत होते.

२५ मार्च

पत्रिका छापून आली. सर — फोटो, चार ओळी. काका — "प्रदीर्घ सेवेनंतर निवृत्त." प्रदीर्घ म्हणजे चौतीस वर्षं. आकडा तरी घालायला हवा होता. मला आकडे सुटत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगते!

कार्यशाळेकडे गेले नाही.

२९ मार्च

निरोपाचा चहा. सर वीस मिनिटं बोलले, त्यात काका दोन मिनिटं. नंतर काकांनी मला बाजूला घेऊन जुनी मखमली पेटी दिली. त्यांचं स्वतःचं मायक्रोमीटर, कडा हाताने गुळगुळीत झालेल्या.

"काका, ती ओळ —"

"कसली ओळ? लेकीला सांगितलं, पानावर जागा नव्हती." मग हळू, "तुझ्याकडे बघून मी काय चौतीस वर्षं मोजू? जा. आधी शून्य बघत जा म्हणजे झालं."

त्यांच्यासमोर रडले नाही. मला तेवढंच येतं.

१ एप्रिल

कायमच्या नोकरीचा पहिला दिवस. रुजू होण्याचा अर्ज भरताना आदेशाची तारीख लागली. खणातून काढला. १४ मार्च.

पुन्हा पाहिलं. १४.

मी ओळ काढली १५ ला.

आस्थापनेतल्या बाईंना विचारलं, तारखेत चूक आहे का. म्हणाल्या, "चूक कसली? चौदालाच सही झाली की! तुझे शून्यकाका गेले होते आत. पंधरा मिनिटं होते. ते बाहेर पडले नि लगेच सरांची बेल. फाईल माझ्या हातात, शाई ओली."

काय बोलणं झालं?

"मला गं काय ठाऊक? जाताना काका एवढंच म्हणाले, पाझरयंत्र दोन तास खाली नेतो, समिती यायच्या आधी जरा साफ करायचंय. मी नोंद करून दिलं."

२ एप्रिल

सकाळी यंत्र उलटं केलं. क्रमांक नाही. गोल नाही. तिथे कानस फिरली आहे — एकाच दिशेने, एकसारखी, एक ओरखडा नाही. खिडकीशी धरलं तर आरसा.

असं काम इथे दोघांनाच जमतं. मी केलेलं नाही.